रंग पाहून निवडलेली साठ ‘मादी’ पिल्ले: पाच आठवड्यांनी निम्म्याहून अधिक नर कसे निघाले?

अंगणातली शेती (सिन्नर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमची दीड एकर कोरडवाहू जमीन आहे आणि गेल्या वर्षीपर्यंत दारात आठ-दहा गावरान कोंबड्या असत. या वर्षी थोड्या मोठ्या प्रमाणावर करावे म्हणून फाल्गुनात एका हॅचरीच्या गाडीवरून एक दिवसाची दीडशे पिल्ले घेतली. त्यात शंभर ‘रंगीत गावरान’ होती आणि पन्नास कडकनाथ. रंगीत पिल्लांतल्या साठ माद्या अंड्यांसाठी ठेवायच्या आणि चाळीस नर आखाडात विकायचे, असा आमचा हिशेब होता.

गाडीवरच्या गृहस्थांनी सांगितले की, ज्यांच्या पाठीवर खारीसारखे ठळक पट्टे आहेत त्या माद्या आणि जी पिवळसर किंवा एकरंगी आहेत ते नर. त्यांनी माझ्यासमोर एकेक पिल्लू उजेडात धरून दोन खोक्यांत वेगळी केली आणि पट्टेवाल्या साठ पिल्लांना प्रत्येकी जास्त दर लावला. मी विश्वास ठेवला, कारण माझ्या आतेसासूबाईंकडे एकदा रंगावरून वेगळी केलेली पिल्ले आणली होती आणि ती सगळी बरोबर निघाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शेडमध्ये मधोमध जाळी लावून दोन्ही खोक्यांतली पिल्ले मी आजपर्यंत वेगळीच वाढवली आहेत. आज ती पाच आठवड्यांची झाली. ‘माद्यां’च्या बाजूला साठपैकी चौतीस पिल्लांचे तुरे उठून लालसर झालेले दिसतात आणि त्यांचे पायही जाड आहेत. उरलेल्या सव्वीसांचे तुरे अजून पिवळट आणि बसके आहेत. कडकनाथांपैकी दोन पिल्ले पहिल्याच आठवड्यात दगावली. राहिलेल्या अठ्ठेचाळीसांत सहा पिल्लांची नखे फिकट, जीभ गुलाबी आणि पोटाची कातडी पांढरट आहे. बाकीची बेचाळीस सर्वांगाने काळी आहेत.

माझे तीन प्रश्न आहेत. पाच आठवड्यांच्या तुऱ्यावरून मी जे नर मोजले, ते खात्रीचे मानावेत का? रंगावरून नर-मादी ओळखता येते की नाही, आणि येत नसेल तर आतेसासूबाईंची पिल्ले बरोबर कशी निघाली? आणि त्या सहा फिकट पिल्लांमुळे माझी बाकीची कडकनाथ पिल्लेही भेसळीची समजायची का? पुढच्या वर्षी मला कडकनाथची उबवणीची अंडी विकायची इच्छा आहे, म्हणून तिसरा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.


उबवणी (नाशिक, हॅचरीत बारा वर्षे काम)

ताई, तुम्ही दोन्ही खोकी वेगळी ठेवलीत हे फार चांगले केले, कारण त्यामुळे त्या निवडीची परीक्षा आपोआप झाली आहे. तुमच्या प्रश्नात एक आकडा मात्र राहिला आहे. जाळीच्या पलीकडे ‘नर’ म्हणून ठेवलेल्या चाळीसांपैकी किती पिल्लांचे तुरे लाल आहेत, ते मोजून सांगा. तिथे पस्तीस-अडतीस नर असतील तर त्या गृहस्थांनी सांगितलेल्या खुणेत थोडेफार तथ्य होते असे म्हणता येईल. तिथेही निम्मेच नर असतील तर रंग पाहून केलेली निवड आणि डोळे मिटून केलेली निवड यांत काही फरक नव्हता.

न निवडलेल्या पिल्लांत नर-मादी जवळजवळ निम्मेनिम्मे असतात, पण प्रत्येक तुकडीत ते बरोबर निम्मे येत नाहीत. न निवडलेली साठ पिल्ले उचलली तर बावीस ते अडतीसच्या दरम्यान कितीही नर येणे अगदी नेहमीचे आहे, आणि शंभर पिल्लांत चाळीस ते साठ. तुमचे चौतीस त्या पट्ट्यात आरामात बसतात. म्हणून कोणी मुद्दाम नर भरून दिले असा संशय मी तरी घेणार नाही. नर मुद्दाम भरले असते तर आकडा याहून बराच वर गेला असता.

आता हॅचरीत नर-मादी खरोखर कशी ओळखतात ते सांगतो, कारण मी ते काम रोज केले आहे. एक पद्धत गुदद्वार पाहण्याची. १९२० च्या दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी ती शास्त्रशुद्ध केली आणि तिथूनच ती जगभर गेली. पिल्लू डाव्या हातात उताणे धरतात, अंगठ्याने पोटावर हलका दाब देऊन पहिली विष्ठा डब्यात काढून टाकतात आणि मग तीव्र प्रकाशाच्या दिव्याखाली गुदद्वाराची कड दोन बोटांनी उलगडतात. आत खालच्या कडेच्या मधोमध खसखशीच्या दाण्याएवढा फुगवटा दिसतो. तो गोल, चकचकीत आणि बोट फिरवले तरी न दबणारा असेल तर पिल्लू नर असते. मादीत तो नसतो, किंवा असला तरी चपटा असतो आणि बोटाखाली विरून जातो. ऐकायला हे सोपे वाटते, पण काही माद्यांतही ठसठशीत फुगवटा असतो आणि काही नरांत तो अगदी बारीक असतो. या मधल्या प्रकारांवर नजर बसायलाच महिनोन्‌महिने जातात. तरबेज माणूस तासाला आठशे-हजार पिल्ले पाहतो आणि शंभरात दोन-तीनच चुकतो. हे काम पिल्लू फुटल्यानंतर पहिल्या चोवीस तासांच्या आत करावे लागते, कारण नंतर तो भाग आक्रसतो आणि ओळख पटत नाही.

ताई, ही पद्धत घरी करून पाहू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक दिवसाच्या पिल्लाच्या पोटात बलकाची पिशवी असते. दाब थोडा जरी जास्त झाला तरी ती फुटते, आणि पिल्लू त्या क्षणी ठीक दिसले तरी पुढे मरते. मी शिकाऊ असताना माझ्या हातून अशी पिल्ले गेली आहेत आणि त्यांची आठवण आजही त्रास देते.

दुसरी पद्धत पंखांची. पिल्लाचा पंख पंख्यासारखा उलगडला की कडेला बारीक काड्यांसारख्या पिसांच्या दोन ओळी दिसतात. एक उड्डाणपिसांची आणि तिच्या वर झाकणपिसांची. उड्डाणपिसे झाकणपिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, आणि दोन्ही ओळी सारख्या असतील किंवा उड्डाणपिसे आखूड असतील तर नर. हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींत ही खूण कोणत्याही पिल्लावर लावून दाखवतात. ती फक्त अशाच पिल्लांवर चालते ज्यांचा बाप लवकर पिसे येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसे येणाऱ्या वाणाची असे ठरवून जोडी लावलेली असते. तेही पहिल्या एक-दोन दिवसांतच, कारण पुढे नरांची पिसे माद्यांच्या बरोबरीला येतात. तुमच्या ‘रंगीत गावरान’ पिल्लांचे आईबाप असे ठरवून जोडलेले असण्याची शक्यता मला कमी वाटते, तेव्हा त्यांच्यावर पंखांची खूणही उपयोगी पडली नसती.


रानवारा (सुरगाणा)

आमच्याकडे घरोघरी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवतात आणि बसवताना म्हातारी माणसे गोलसर अंडी निवडून ठेवतात, कारण टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो असे ती मानतात. आमच्या आजीने हयातभर हेच केले आणि आमच्या अंगणात कोंबड्या कधी कमी पडल्या नाहीत. सुईत दोरा ओवून ती पिल्लावर टांगायची आणि ती गोल फिरते की आडवी हलते ते पाहायचे, हेही मी लहानपणी पाहिले आहे. हॅचरीतल्या पिल्लांना हे लागू पडते का, ते जाणकारांनी सांगावे.


निवृत्त पशुधन अधिकारी (दिंडोरी)

तिन्ही मुद्दे एकमेकांशी जोडलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोंबडीवर्गात पिल्लाचे लिंग आईकडून ठरते. नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादीच्या अंडाशयातून बलक सुटतो त्याच वेळेच्या सुमारास त्यात झेड राहणार की डब्ल्यू हे ठरून गेलेले असते. कवच त्यानंतर जवळजवळ एक दिवसाच्या प्रवासात, बलक अंडनलिकेतून खाली सरकत असताना चढते आणि अंड्याचा आकारही त्या नलिकेतच घडतो. त्यामुळे अंडे टोकदार की गोल याचा आतल्या लिंगाशी संबंध जोडता येत नाही. एकच कोंबडी साधारण एकाच घडणीची अंडी देत राहते आणि तिच्या त्या अंड्यांतून नर-मादी दोन्ही निघतात. आजीबाईंच्या निवडीचा एक खरा फायदा मात्र होता. फार लांबट, वेडीवाकडी किंवा पातळ कवचाची अंडी बाजूला पडत असल्यामुळे उबवणी चांगली होत असणार. अंगणात कोंबड्या कमी न पडण्याचे आणखी एक साधे कारण आहे. सणाला, जत्रेला आणि पाहुणचाराला कोंबडे कापले जातात आणि कोंबड्या अंड्यांसाठी राखल्या जातात. सुईदोऱ्याला आधार नाही.

आता रंगाकडे येतो. बाप आपल्या मुलांना आणि मुलींना, दोघांनाही एक झेड देतो. आई मात्र आपले एकमेव झेड फक्त मुलग्यांना देते आणि मुलींना डब्ल्यू देते. म्हणून झेडवर बसलेला एखादा रंगाचा गुण आईकडे असेल आणि बापाकडे नसेल, तर तो मुलग्यांत उतरतो आणि मुलींत उतरत नाही. रंगावरून नर-मादी ओळखण्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

उदाहरणार्थ, लाल रंगाचा ऱ्होड आयलंड रेड नर आणि आडव्या पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक मादी यांची जोडी लावली, तर सगळी पिल्ले काळ्या लवेची निघतात, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो आणि माद्यांच्या डोक्यावर तो नसतो. आईचे पट्टे मुलग्यांकडे गेले, मुली बापावर गेल्या. तसेच लाल किंवा सोनेरी नर आणि रुपेरी वाणाची मादी यांच्या पिल्लांत माद्या तांबूस आणि नर पिवळट-पांढरे निघतात. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यावसायिक वाणांची पिल्ले जगभर अशीच वेगळी केली जातात, आणि पन्नास पिल्लांत एखादीही चूक होत नाही इतका तो फरक उघड असतो. ताई, तुमच्या आतेसासूबाईंनी आणलेली पिल्ले अशाच एखाद्या ठरवून केलेल्या संकराची असणार. गाडीवरच्या गृहस्थांनीही कुठेतरी तसाच संकर पाहिला असावा आणि तीच खूण सगळ्या पिल्लांना लागू आहे असे ते समजत असावेत.

हा फरक फक्त त्याच पिढीत दिसतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आतेसासूबाईंनी त्याच पिल्लांतले नर-मादी ठेवून पुढची पिल्ले काढली असती, तर त्या पिल्लांत रंगाची सरमिसळ झाली असती आणि डोक्यावरच्या ठिपक्याला काही अर्थ उरला नसता. ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या एक दिवसाचे नर आणि माद्या रंगाने वेगळे दिसतात, असे स्वतंत्र वाण केंब्रिजमध्ये आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास घडवले, पण तेही पट्ट्यांच्या याच जनुकाचा दुहेरी परिणाम वापरून. पट्ट्यांचे जनुक नराकडे दोनदा येते आणि मादीकडे एकदाच, म्हणून नराची लव अधिक फिकट आणि धूसर होते.

गावरान पिल्लांच्या पाठीवरचे खारीसारखे पट्टे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. रानकोंबडीच्या पिल्लांना असेच पट्टे असतात आणि ते नर-मादी दोघांतही असतात. काही जण म्हणतात की मादीचे पट्टे जास्त रेखीव असतात आणि डोळ्यामागची काळी रेघ लांबते. एकाच शुद्ध वाणाची पन्नास पिल्ले शेजारीशेजारी ठेवली तर तसा थोडा कल दिसू शकतो. पण ‘रंगीत गावरान’ म्हणून मिळणाऱ्या पिल्लांत अनेक वाणांचे रक्त असते. तिथे एका पिल्लाचे पट्टे आणि शेजारच्या पिल्लाचा पिवळा रंग हा आईबापांच्या वाणांतला फरक असतो, नर-मादीतला नाही. वनराजा किंवा गिरिराजा या सुधारित जातींची पिल्ले ज्यांनी पाळली आहेत त्यांना हे ठाऊक आहे. एकाच खोक्यात तपकिरी, काळी, पट्टेरी, पिवळी अशी सगळी असतात आणि प्रत्येक रंगात नर-मादी दोन्ही निघतात.

लवेच्या रंगावरून जात ठरवतानाही अशीच घाई होते. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पची पिल्ले जन्मतः पूर्ण काळी नसतात. त्यांचे पोट आणि पंखांची टोके पिवळसर-पांढरी असतात, आणि ते पाहून लोक पिल्ले परत करायला निघतात. पहिली खरी पिसे आली की ती काळीभोर होतात. उलट नुसती काळी लव पाहून एखादे पिल्लू कडकनाथ समजणेही चूक आहे. कडकनाथचा काळेपणा पिसांत नसून कातडीत, चोचीत, जिभेत, पायांत, अगदी हाडांवरच्या पातळ पडद्यात असतो. एक दिवसाचे कडकनाथ पिल्लू निळसर ते काळे असते आणि त्याच्या पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. घेताना पोटावरची लव फुंकर मारून बाजूला करावी आणि आतली कातडी पाहावी, मग चोच उघडून जीभ पाहावी. ऑस्ट्रेलॉर्पची कातडी पांढरी दिसेल, कडकनाथची काळसर.

आता तुमच्या सहा फिकट पिल्लांकडे. कातडीतला काळा रंग दाबून टाकणारे एक जनुक आहे आणि तेही झेडवरच बसलेले आहे. १९११ मध्ये बेटसन आणि पनेट यांनी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवर प्रयोग करून हा वारसा उलगडला. तुमच्या शेडमध्ये तेच घडले असावे असे मला वाटते. समजा, हॅचरीच्या कळपात नर सगळे कडकनाथ आहेत, पण माद्यांत काही माद्या फिकट कातडीच्या दुसऱ्या वाणाच्या मिसळल्या आहेत. त्या माद्या रंग दाबणारे जनुक फक्त आपल्या मुलग्यांना देतील, म्हणून त्यांचे मुलगे फिकट होतील. त्यांच्या मुलींना ते मिळणार नाही, आणि बापाकडून काळेपणा मिळाल्यामुळे त्या काळ्याच दिसतील. तेव्हा ती सहा पिल्ले पुढे सगळीच नर निघाली, तर भेसळ माद्यांच्या बाजूने झाली आहे असे समजा. त्यांच्या साधारण तितक्याच मिश्र बहिणी तुमच्या बेचाळीस काळ्या पिल्लांत आहेत आणि त्या डोळ्यांनी ओळखता येणार नाहीत. उलट त्या सहांत नर-मादी दोन्ही निघाले, तर त्यांचा बाप दुसऱ्या वाणाचा होता. मग त्या बापाची सगळी पिल्ले, मुलगे आणि मुली, फिकटच असणार आणि काळ्या पिल्लांत लपलेली भेसळ असण्याची भीती बरीच कमी होईल.

म्हणून त्या सहा पिल्लांच्या पायांत रंगीत कड्या घाला आणि विकू नका. तुमच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे आहे.


उबवणी (नाशिक)

डॉक्टरसाहेबांनी फार उपयोगाचे सांगितले. ताईंचा पहिला प्रश्न राहिला आहे, त्याबद्दल लिहितो.

पाच आठवड्यांचा तुरा बऱ्यापैकी खरे बोलतो, पण एकाच वाणाच्या पिल्लांत. मिश्र पिल्लांत लेगहॉर्न रक्ताच्या मादीचा तुरा लवकर उठतो, आणि असील रक्ताच्या नराचा तुरा वाटाण्यासारखा बसकाच राहतो. तेव्हा तुमच्या चौतीसांत दोन-चार माद्या आणि सव्वीसांत एखाददुसरा नर असण्याची शक्यता धरा. कडकनाथमध्ये तर तुऱ्याचा लालपणा पाहूच नका. त्यांचा तुरा काळपट-जांभळा असतो, त्यामुळे तिथे तुऱ्याची उंची तेवढी पाहावी. वागणुकीवरूनही ठरवू नका. छाती काढून भांडणारी पिल्ले या वयात दोन्ही बाजूंना असतात.

खात्रीची खूण आठ ते दहा आठवड्यांनी मिळते. पिल्लू उचलून उन्हात धरा आणि पाठीवर, शेपटीच्या बुडाशी येणारी नवी पिसे पाहा. नराची पिसे अरुंद, टोकदार आणि रेशमासारखी चमकणारी असतात आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना ओघळतात. मादीची पिसे रुंद, गोल टोकाची आणि बिनचमकेची असतात. मानेवरच्या पिसांतही हाच फरक दिसतो, पण पाठीचा भाग अधिक स्पष्ट असतो. ही खूण रंगावर अवलंबून नाही, त्यामुळे ती गावरान, संकरित, कडकनाथ सगळ्यांना सारखीच लागू पडते. आरवण्याची वाट पाहण्याची गरज नाही. काही नर आठव्या आठवड्यात आरवू लागतात तर काही चौथ्या महिन्यापर्यंत गप्प राहतात.


द्राक्षबाग (निफाड)

मादी पिल्ले हवी असतील तर तलंगाच (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्याव्यात, असा माझा अनुभव आहे. राज्य शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवडे वयाच्या पंचवीस माद्या आणि तीन नर असा गट दिला जातो. त्या वयात नर-मादीचा वाद उरत नाही, आणि आमच्याकडच्या हिवाळ्यात एक दिवसाच्या पिल्लांना ऊब देण्याची दगदगही वाचते. एक दिवसाचीच पिल्ले घ्यायची असतील तर पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि नागपूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. आपल्याला पहिली दोन जवळची. तिथे पिल्ले नर-मादी मिश्र म्हणूनच धरून चालावे आणि हिशेबही निम्म्या नरांचाच करावा. कडकनाथसाठी मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राकडे नाव नोंदवता येते. आगाऊ नोंदणी करून थांबावे लागते, पण पिल्ले त्यांच्या मूळ भागातली मिळतात.


अंगणातली शेती (सिन्नर तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जाळीपलीकडची मोजणी त्याच दिवशी केली होती. ‘नर’ म्हणून दिलेल्या चाळीसांपैकी एकोणीसांचे तुरे लाल होते. म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मेनिम्मेच. ते पाहून वाईट वाटले, पण निदान मनातला संशय गेला.

आज पिल्ले दहा आठवड्यांची झाली, म्हणून पुन्हा लिहीत आहे. सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही दोघांनी एकेक पिल्लू हातात घेऊन पाठीची पिसे पाहिली. पहिली काही पिल्ले पाहताना गोंधळ झाला. मग एक नर आणि एक मादी शेजारीशेजारी धरली आणि फरक एकदम उमगला. नराच्या शेपटीच्या बुडाशी तांबूस, बारीक, सुईसारखी पिसे खाली झुकली होती आणि उन्हात तेल लावल्यासारखी चमकत होती, तर मादीची पिसे तिथे पानासारखी रुंद आणि मळकट होती. त्यानंतर एकही पिल्लू अडले नाही. साठांच्या बाजूला एकतीस नर निघाले. पाच आठवड्यांना मी नर मोजलेल्या चौतीसांपैकी चार माद्या होत्या आणि बसक्या तुऱ्याच्या सव्वीसांत एक नर होता. चाळीसांच्या बाजूला वीस नर निघाले. म्हणजे शंभरात एक्कावन्न नर.

कडकनाथची ती सहा फिकट पिल्ले मी कड्या घालून ठेवली होती. सहाही नर आहेत. ते नक्की करण्यासाठी मी त्यांना तीन वेळा पाहिले.


निवृत्त पशुधन अधिकारी (दिंडोरी)

ताई, सहा पिल्ले केवळ योगायोगाने सगळीच नर निघण्याची शक्यता चौसष्टांत एक इतकी आहे. त्यामुळे भेसळ माद्यांच्या बाजूने झाली असे धरूनच पुढचा विचार करावा. तुमच्या काळ्या तलंगांपैकी काही मिश्र आहेत आणि कोणत्या ते बाहेरून कळणार नाही. म्हणून या तलंगांची उबवणीची अंडी कडकनाथ म्हणून विकू नका. त्यांची खायची अंडी विकायला काहीच हरकत नाही. काळे नर मात्र तुम्ही पैदाशीसाठी विचारात घेऊ शकता, कारण दुसऱ्या वाणाच्या मादीचा मुलगा असता तर तो फिकट दिसला असता. त्यांतले जीभ, तुरा आणि पायाचे तळवे सर्वांत काळे असलेले चार-पाच निवडून वेगळे ठेवा आणि त्यांच्यासाठी खात्रीच्या ठिकाणच्या माद्या आणा. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो.

हॅचरीला कळवताना ‘फसवले’ असे न म्हणता दोन्ही बाजूंचे आकडे आणि सहा फिकट नरांची गोष्ट लेखी द्या. आपल्या पैदाशीच्या माद्यांत दुसरे वाण मिसळले आहे हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल, आणि तुमच्या आकड्यांमुळे त्यांना कळप तपासता येईल. मादी म्हणून जास्त घेतलेले पैसे परत मागणे हा तुमचा हक्क आहे. पुढच्या खरेदीच्या वेळी पावतीवर ‘मिश्र’ की ‘मादी’ हे लिहून घ्या. मादी असे लिहिले तर ती कोणत्या पद्धतीने ओळखली, आणि रंगावरून ओळखली असेल तर बाप कोणत्या वाणाचा आणि आई कोणत्या वाणाची, हेही लिहून घ्या.


अंगणातली शेती (सिन्नर तालुका)

डॉक्टरसाहेब, तसेच करते. हॅचरीला काल फोन केला होता, तेव्हा त्यांनी आकडे लिहून पाठवायला सांगितले आहेत. एक्कावन्न रंगीत नर आणि सहा फिकट नर आम्ही आजच जाळीपलीकडे एकत्र केले. आखाडापर्यंत ते विक्रीला तयार होतील. काळ्यांतले पाच नर मी बाजूला काढले आहेत. त्यांतल्या एकाची जीभ मुळाशी किंचित गुलाबी दिसते, बाकी सर्वांग काळे आहे. त्याला ठेवावे की नाही, तेवढे सांगा.


निवृत्त पशुधन अधिकारी (दिंडोरी)

त्याला ठेवू नका. उरलेले चार पुरेसे आहेत.